दाराजवळचा स्विच

माझी बायको टीव्हीच्या कारखान्यात फॉल्ट शोधायची आणि मी छापखान्यात चुका शोधायचो. लोकांना वाटायचं, काम एकच. तसं नव्हतं. मला चूक सापडली की मी तिच्याभोवती लाल गोल काढायचो आणि ती करणाऱ्याला टेबलाशी बोलावून दाखवायचो, शक्यतो चार माणसं आसपास असताना. तिच्याकडे प्रत्येक बिघडलेल्या सेटबरोबर एक चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर चार रकाने: दोष, कारण, दुरुस्ती, कोणाकडून. पंचवीस-सव्वीस वर्षं तिने पहिले तीन भरले. चौथा एकदाही नाही. सुपरवायझर चिडायचा. ती म्हणायची, "सेट जे सांगतो ते मी लिहिते. नाव काही सेट सांगत नाही." चौथ्या रकान्यात नाव गेलं की लाईनवरच्या त्या मुलीला उठवून ऑफिसात नेत, ती रडत परत येई आणि मग दुपारभर तिच्या हातून सोल्डरिंगचे आणखी सांधे कच्चे होत, असं तिचं म्हणणं. मला तो भाबडेपणा वाटायचा. छापखान्यात असं चाललं असतं तर मराठी भाषा केव्हाच बुडाली असती, असं मी तिला सांगायचो.

दुरुस्त केलेल्या सांध्यावर प्रत्येक टेस्टर आपल्या रंगाच्या लाखेचा ठिपका द्यायची. तिचा रंग हिरवा.

पुढे देश खुला झाला आणि आम्ही दोघं मोकळे झालो. बाहेरच्या कंपन्यांचे टीव्ही आले, तिचा कारखाना बंद पडला. त्या योजनेला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. स्वेच्छा कोणाची, हे मात्र कुठे छापलेलं नव्हतं. माझ्या मालकांना कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरला शुद्धलेखन येतं. त्यानंतरचा त्यांचा पहिला दिवाळी अंक मी जपून ठेवला आहे. फार वाईट वाटलं की उघडतो.

आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून हडपसरच्या पुढे मांजरीला फ्लॅट घेतला. खिडकीतून ऊस दिसायचा, दरवर्षी थोडा कमी. तिला मधुमेह जुना होता. मांजरीला आल्यावर दुसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदे कमजोर झालेत, लेसर करत राहू, पण कधीही आत रक्त उतरू शकतं, आणि मग दिसण्याची खात्री नाही. घरी येताना रिक्षात हडपसरचा चौक आल्यावर ती म्हणाली, "मला आमच्या गावचा रस्ता बघायचा आहे."

तिचं माहेर वर्ध्याच्या अलीकडे. लग्नानंतर तीस वर्षं ती त्या रस्त्याने जात-येत होती, पण रात्रीच्या बसने. पुण्यात संध्याकाळी बसायचं आणि उजाडलं की कारंजा. "मधलं सगळं मला ठाऊकच नाही," ती म्हणाली. "ज्या रस्त्यावर तीस वर्षं उलट्या केल्या, तो एकदा उजेडात पाहू द्या. थांबत थांबत. जिथे वाटेल तिथे उतरून."

तिला दिवसातून तीनदा इन्सुलिन लागायचं, वेळेवर खाणं लागायचं, आणि रस्त्यावरच्या हॉटेलांच्या मोऱ्यांबद्दल तिचं मत मी इथे देत नाही. म्हणून गाडीतच घर करायचं ठरलं. हिंजवडीला कॉम्प्युटरवाल्या मुलामुलींची ने-आण करून थकलेली एक मिनीबस आम्ही घेतली. मागच्या काचेवर कंपनीचं नाव अर्धवट खरवडलेलं होतं. आतल्या सीटा काढून दोन बाक, एक ओटा आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज बसवला. सुतारकाम सुताराने केलं, वायरिंग तिने. मी स्टूल धरलं.

सोसायटीतले लोक त्याला मोटरहोम म्हणू लागले. तिने त्याला 'खोली' म्हटलं.

वायरिंग साधं होतं, निदान तिच्या मते. पार्किंगमधल्या प्लगमधून एक जाड वायर गाडीत यायची, ती दाराजवळच्या मेन स्विचला. तिथून वीज चार्जरला, आणि चार्जरमधून बाकाखालच्या दोन बॅटऱ्यांना. फ्रीज मात्र थेट बॅटरीवर, म्हणजे काहीही झालं तरी इन्सुलिन थंड राहावं. फ्रीज जमतो का हे पाहायला तिने वाटीत लोण्याचा गोळा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर लोण्याचं तेल झालेलं आणि बॅटऱ्या जवळजवळ संपलेल्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. आम्हाला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

तिने चार्जरवर मीटर लावलं: ठीक. बॅटरीवर लावलं: चार्ज होतेय. तासभर आम्ही आत बसलो, काटा चढत गेला. कुलूप लावून घरी गेलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. मग बॅटऱ्या बदलल्या. मग चार्जर उघडला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, विजेच्या सुट्या भागांच्या दुकानांत, आमच्या इतक्या फेऱ्या झाल्या की एका दुकानदाराने तिला स्टूल द्यायला सुरुवात केली. त्या गल्लीत हा मोठाच मान. तिची पद्धत ठरलेली होती: सर्किटचे दोन भाग करायचे, कुठल्या अर्ध्यात दोष आहे ते बघायचं, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन. ती सांगायची आणि मी वहीत लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं. रकाने मीच आखले होते. चारही. चौथ्यावर 'कोणाकडून' असं लिहिल्यावर ती हसली होती.

"हा फॉल्ट आपल्याला लाजतो," ती एकदा म्हणाली. "आपण आत असलो की गुणी बाळ. आपली पाठ फिरली की सुरू."

मी लोडशेडिंगला दोष दिला. त्या काळात तो सगळ्यालाच देत. वीज दिवसातून चार-पाच तास जायचीच, तेव्हा चार्जिंगला वेळच पुरत नसणार, असं मी ठामपणे सांगितलं. ज्या विषयात मला कळत नाही त्यात मी ठाम असतो. तिने खाली वॉचमनला विचारलं. तो शेजारच्या गावचा, दिवसभर पार्किंगमध्ये बसून असायचा.

"न्हाई वो काकू," तो म्हणाला, "सकाळी दोन तास गेल्ती. मंग दिसभर हाय की लाईट."

तिने ते वहीत लिहायला लावलं. मी नाखुशीने लिहिलं.

आमचे सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते आणि निवृत्त व्हायला तयार नव्हते. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनानंतर 'उपक्रमशील ज्येष्ठ दांपत्याला' निरोप द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. एक फलक लावला, त्यात दोन चुका होत्या. मी त्या अध्यक्षांना चार लोकांसमोर दाखवल्या. शाल, श्रीफळ, वीस मिनिटांचं भाषण. भाषणात आमची गाडी म्हणजे नव्या भारताचं प्रतीक होती. तेवढ्यात ती इन्सुलिनचा डबा घेऊन आत गेली, फ्रीज उघडला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "तेल."

"आज जमणार नाही," मी अध्यक्षांना सांगितलं.

"अहो, पण नारळ फोडलाय!"

"चटणी करा," ती म्हणाली.

मी तिला सुचवलं होतं की थर्मासमध्ये बर्फ घालून जाऊ, वाटेत भरत राहू. ती तयार झाली नाही. फॉल्ट असलेला सेट लाईनबाहेर जात नाही, एवढंच म्हणाली. मला हा हट्ट पटला नाही, पण मी फार ताणलंही नाही. तिला ते कोडं स्वतः सोडवायचं होतं, आणि तिला ते सुटत नाही याची, खरं सांगायचं तर, मला थोडी गंमत वाटत होती.

फेब्रुवारीत तिने माळ्यावरून एक जुनं विजेवरचं घड्याळ काढलं, लाल आकड्यांचं. वीज गेली की ते सगळं विसरायचं आणि परत आली की बारापासून सुरू व्हायचं. ते तिने चार्जरच्या शेजारच्या प्लगला लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो. नेहमीप्रमाणे मी पुढे, कुलूप माझ्याकडे असायचं. पायरी उंच असल्याने ती मागून सावकाश.

"किती वाजलेत त्यात?" तिने विचारलं.

"बारा."

तिसऱ्या दिवशीही बाराच. मी म्हणालो, "तुझ्या खोलीत कायमच बारा वाजलेत." ती घड्याळाकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

चौथ्या दिवशी म्हणाली, "आज मी उघडते." मी किल्ली दिली. ती वर चढली, आणि दिवा न लावता आत नुसती उभी राहिली. मी पायरीखाली होतो. बऱ्याच वेळाने आतून म्हणाली, "अहो, जरा घरी जाऊन माझा दुसरा चष्मा आणता का?" मी आणला. चष्मा तिच्या पर्समध्येच होता, हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या दोन दुपारी तिने मला गाडीत येऊ दिलं नाही. "तुम्ही समोर असलात की माझा हात चुकतो," म्हणाली. मग एका संध्याकाळी वर येऊन हात धुता धुता सांगितलं, "झालं. एक लूज कनेक्शन होतं."

"कुठे?"

"होतं एका ठिकाणी."

लोणी गोठलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पण कारखान्याच्या नियमाप्रमाणे दुरुस्त सेट काही दिवस चालू ठेवून पाहायचा असतो, तसे तिने तीन आठवडे घेतले. तोवर मार्च उजाडला. लेसरची एक खेप आली, डॉक्टरांनी धक्के नकोत म्हणून सांगितलं. विदर्भात ऊन तापू लागलं होतं. "आता उन्हात कशाला?" मी म्हणालो. "दिवाळीनंतर जाऊ. रस्ता कुठे पळून जातोय?"

त्याच महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली. नंतर चहा होता. कुणीतरी विचारलं, "काय हो, सापडला का शेवटी बिघाड?" मी कप खाली ठेवला. मला असे प्रसंग आवडायचे.

"सापडला ना," मी म्हणालो. "एक लूज कनेक्शन. चार महिने लागले. बरं झालं, टीव्हीचा कारखाना वेळेत बंद पडला."

सगळे हसले. अध्यक्ष इतके हसले की चहा सांडला. ती समोरच बायकांच्या घोळक्यात उभी होती. तीही हसली. मग माझ्या कपात साखर कमी आहे का, हे विचारायला जवळ आली.

श्रावणात एका सकाळी ती पोळ्या करता करता थांबली आणि म्हणाली, "अहो, खिडकीला जाळं कधी धरलं?"

खिडकीला जाळं नव्हतं. दुपारपर्यंत जाळ्याचा पडदा झाला, आणि आठवड्याभरात डाव्या डोळ्याने काही नाही, उजव्याने फक्त उजेड आहे की नाही एवढं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टर सभ्य होते, त्यांनी आशा हा शब्द दोनच वेळा वापरला.

दिवाळीनंतर मी विचारलं, "काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? जायचं. ठरलंय ना."

म्हणून आम्ही गेलो. बारा दिवस, उजेडात, थांबत थांबत. ती पुढच्या सीटवर बसायची, काच खाली करून, आणि मी गाडी चालवता चालवता सांगायचो. सांगण्याचं काम मला जमेल असं मला वाटलं होतं. आयुष्य शब्दांत गेलं होतं.

"उजवीकडे शेत आहे," मी जालन्याच्या पुढे म्हणालो.

"कशाचं?"

"हिरवं."

"हिरवं म्हंजे काय जी? गाडीभर पुस्तकं वाचली तुम्ही. फुलं आहेत का?"

"पिवळी. बारीक."

"मग तूर म्हणा की." थोड्या वेळाने, "आणि पांढरं?"

"पांढरं आहे, पुढे. खूप."

"वेचणाऱ्या बाया आहेत?"

"आहेत. ओळीने. एकीने लाल पातळ नेसलंय. एक आपल्याकडे बघतेय."

तिने त्या दिशेला हात हलवला. दिशा थोडी चुकली होती. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मी समोर दिसलेली चूक तशीच सोडली.

थांबलो की मी आधी तिला उतरवायचो, मग आत परत जाऊन माझं ठरलेलं काम: दिवा बंद, पंखा बंद, मेन बंद, कुलूप. घरातून बाहेर पडताना मेन स्विच पाडल्याशिवाय माझ्या वडिलांना चैन पडायचं नाही, आणि मलाही नाही. चपला घालताना कोणी विचार करत नाही, तसा त्याचाही मी कधी केला नाही. ती खाली दाराला टेकून उभी असायची. खटका वाजला की विचारायची, "केलंत बंद?"

"केलं."

"शाब्बास."

मला वाटायचं चेष्टा करतेय. मुक्कामाला कुठे पेट्रोलपंपावर, कुठे देवळाच्या आवारात प्लग मिळायचा, तिथे वायर जोडायची. बारा दिवस इन्सुलिन गार राहिलं. एकदाही तेल झालं नाही. तिच्या गावच्या वेशीवर तिने मला गाडी थांबवायला लावली, वास घेतला आणि म्हणाली, "इथे चिंच होती. तोडली का हो?" तोडली होती. मी म्हणालो, "आहे."

त्यानंतर ती सहा वर्षं होती. शेवटी मूत्रपिंडं गेली. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. नवे अध्यक्ष आले, त्यांनी गाडी हलवण्याबाबत नोटीस लावली. मी ती शुद्ध करून परत लावली. पण शेवटी विकायचं ठरवलं. एक तरुण जोडपं बघायला आलं, दोघंही आयटीत; त्यांना दाखवायला मी वायर जोडून फ्रीज चालू करून ठेवला होता. बरोबर त्यांनी इलेक्ट्रिशियन आणला होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मुलीला गाडी आवडली. तिचा नवरा आत-बाहेर करत फोटो काढत होता.

"काका," इलेक्ट्रिशियन दाराजवळून म्हणाला, "हा मेन स्विच कशाला आहे?"

"मेन स्विच मेनला असतो," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे हा कशालाच जोडलेला नाही." त्याने स्विचच्या झाकणाचे स्क्रू काढले होते. "येणारी आणि जाणारी वायर मागच्या मागे एकत्र केलीय. खटका वर करा, खाली करा, वीज चालूच. खरा स्विच बाकाखाली आहे, चार्जरपाशी. पण काम बघा किती सफाईचं आहे. कारखान्यातलं वाटतंय."

मी वाकून पाहिलं. सांध्यावर काळी टेप नीट गुंडाळलेली होती, आणि तिच्यावर, मधोमध, हिरवा ठिपका.

मी त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि घरी गेलो. वही कपाटात होती. पानंच्या पानं माझं अक्षर, बॅटरी, चार्जर, लोडशेडिंग, वॉचमन. सगळ्यात शेवटी एक ओळ तिच्या हातची, मोठी, थोडी वर चढलेली. तेव्हाच तिला ओळ धरणं अवघड जात असणार. दोष: चार्जरला वीज नाही. कारण: आम्ही बाहेर गेल्यावर मेन बंद होतो. दुरुस्ती: स्विच वगळून थेट जोडले. चौथा रकाना कोरा.

मी ती ओळ कधी वाचली नव्हती. बिघाड मिटल्यावर वही कोण उघडतं?

चार महिने. कार्तिकापासून माघापर्यंत. त्या चार महिन्यांत तिला दिसत होतं. दररोज मी पुढे होऊन खटका वर करायचो आणि मागे राहून खाली पाडायचो, आणि मधल्या वेळात ती आत बसून धडधाकट सर्किटमध्ये फॉल्ट शोधायची. घड्याळात बारा वाजलेत म्हणून मीच हसलो होतो. त्या अंधाऱ्या गाडीत उभी असताना तिला समोर तो खाली पडलेला खटका दिसला असेल, आणि पायरीखाली मी. एवढंच म्हणायचं होतं, अहो, हा बंद करत जाऊ नका. मी सवय सोडली असती. सोडली असती का, कोण जाणे. वाद घातला असता. त्याऐवजी तिने माझा स्विच मला राहू दिला. सभेनंतर चहाच्या वेळी तोंड उघडलं असतं तरी तिचं काही बिघडलं नसतं. माझं हसं झालं असतं, एवढंच.

मी खाली आलो तेव्हा ते तिघं पार्किंगमध्येच उभे होते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "जोडून देऊ का पुन्हा? पाच मिनिटांचं काम."

"नको."

"पण अंकल," ती मुलगी म्हणाली, "इट डझन्ट डू एनिथिंग. मग ठेवलाय कशाला?"

"घरात एका माणसाला सवय होती, जाताना बंद करायची."

"कुणाला? काकूंना?"

"नाही," मी म्हणालो. "मला. त्या माणसाने तिचा आख्खा हिवाळा खाल्ला."

तिला काही कळलं नसावं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने फोन खिशात ठेवला. इलेक्ट्रिशियनने झाकण परत बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि बोटाने खटका एकदा वर-खाली करून पाहिला, उगाचच. गाडी पुढच्या आठवड्यात न्यायची ठरली.

ते गेल्यावर मी आत चढलो. बाक झटकला, पडदे ओढले. दिवा बंद केला, पंखा बंद केला, आणि उतरताना मेन खाली पाडला. खटका नेहमीसारखाच वाजला. पायरीवर उभा राहिलो. खाली कोणी काही विचारलं नाही. आत फ्रीज चालू होता.